बंद पडलेली गाया आणि हलती आकाशगंगा

२७ मार्च २०२५ रोजी जर्मनीतील डार्मश्टाट शहरातल्या नियंत्रण कक्षातून युरोपीय अंतराळ संस्थेने आपल्याच एका धडधाकट दुर्बिणीला कायमचे बंद केले. तिचे नाव गाया. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. किरणोत्साराचा मारा, सूक्ष्म अशनींचे आघात, पृथ्वीशी संपर्क तुटणे, अशा कोणत्याही संकटातून आपणहून सावरून पुन्हा कामाला लागावे, अशाच रीतीने तिची घडण केली होती. एक यंत्रणा थांबली की तिच्या जागी दुसरी जागी होई. त्यामुळे अभियंत्यांना एकेक उपकरण आणि एकेक पर्यायी व्यवस्था क्रमाक्रमाने निकामी करावी लागली. यानावरच्या संगणकातील आज्ञावलीवरही दुसरा मजकूर लिहावा लागला. त्या मजकुरात या मोहिमेवर काम केलेल्या सुमारे दीड हजार माणसांची नावे होती.

दुर्बीण बिघडली नव्हती, तिच्याजवळचा वायू संपत आला होता. गाया स्वतःभोवती अतिशय संथपणे, सहा तासांत एक फेरी या गतीने फिरत असे. ही फेरी जराही अडखळू नये म्हणून ती थंड वायूचे अगदी बारीक झोत सोडी. दिवसाला लागत जेमतेम डझनभर ग्रॅम, पण अकरा वर्षांत तेवढ्यानेही टाकी रिकामी होते. १५ जानेवारी २०२५ला तिने शेवटचे वैज्ञानिक निरीक्षण नोंदवले.

बातमी आली आणि गेली. हबल किंवा जेम्स वेब दुर्बिणीला असे काही झाले असते तर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर छायाचित्रे झळकली असती. गायाने तशी छायाचित्रे पाठवली नाहीत. तिने पाठवले ते आकडे: अमुक तारा अमुक क्षणी अमुक ठिकाणी होता. अशा सुमारे तीन लाख कोटी नोंदी, जवळपास दोनशे कोटी ताऱ्यांच्या. मात्र आपली आकाशगंगा कशी फिरते, ती कधी कोणाला धडकली, तिच्यात एकूण माल किती, याविषयी गेल्या काही वर्षांत जे काही नवे कळले आहे त्यातला मोठा भाग या रुक्ष तक्त्यांतून आला आहे. तो कसा आला आणि त्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेण्याची हीच वेळ आहे. कारण मोजणी थांबली असली तरी तिचा निम्म्याहून अधिक हिशेब अजून बाहेर यायचा आहे.

अडचण मुळात जागेची आहे. शेजारची देवयानी दीर्घिका आपल्याला बाहेरून दिसते, तिचा आकार एका नजरेत भरतो. आपली आकाशगंगा तशी दिसणार नाही, कारण आपण तिच्या आत आहोत. आषाढी वारीत मधोमध चालणाऱ्या वारकऱ्याला पुढेमागे माणसेच माणसे दिसतात. पालखी सोहळा किती लांब आहे, कुठे वळतो आहे, कुठे रेंगाळला आहे, हे त्याला कळत नाही. त्याला एवढेच करता येते की आजूबाजूची माणसे आपल्या तुलनेत पुढे सरकतात की मागे पडतात, हे पाहत राहायचे. खगोलशास्त्रज्ञ तेच करतात. फरक एवढाच की त्यांचे शेजारी इतक्या दूर आहेत, की एका माणसाच्या आयुष्यात त्यांची हालचाल डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही.

म्हणून तर पूर्वजांनी ताऱ्यांना स्थिर मानले आणि ध्रुवाला अढळपद दिले. या समजुतीला पहिला तडा १७१८ मध्ये गेला. ज्याच्या नावाचा धूमकेतू प्रसिद्ध आहे त्या एडमंड हॅलीने प्राचीन ग्रीकांनी नोंदवलेली ताऱ्यांची स्थाने आपल्या काळातील स्थानांशी ताडून पाहिली. तीन तारे जागेवर नव्हते. ते जवळपास अर्ध्या अंशाने किंवा त्याहून अधिक, म्हणजे निदान पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतके सरकलेले दिसले. हे तिन्ही तारे मराठी घरांत नावानिशी माहीत आहेत: व्याध, स्वाती आणि रोहिणी.

यातली गंमत पुढे आहे. आजच्या मोजमापानुसार व्याध आणि स्वाती खरोखरच तेवढे सरकले आहेत. स्वाती तर दोन हजार वर्षांत सव्वा अंश सरकते. रोहिणी मात्र तेवढ्या काळात जेमतेम एक दशांश अंश हलते. म्हणजे तिच्या बाबतीत हॅलीला दिसलेला फरक बहुतांशी ताऱ्याचा नव्हता, जुन्या नोंदीतल्या चुकीचा होता. तीनपैकी दोन निदाने बरोबर आणि एक चूक. रुग्णाचे वजन दोन किलोने घटले की वजनकाटा बदलला, हा प्रश्न दवाखान्यात रोज पडतो. ताऱ्यांच्या गतीच्या अभ्यासात गेली तीनशे वर्षे हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत उभा राहत आला आहे. तारा हलला की मोजणारा?

पंचांगातली कोनाची मोजमापे इथे उपयोगी पडतात. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. म्हणजे एक विकला हा अंशाचा ३,६००वा भाग. स्वातीचा तारा वर्षाला सव्वादोन विकला सरकतो, आणि ही गती फार मोठी समजली जाते. बहुसंख्य ताऱ्यांची वार्षिक हालचाल विकलेच्या काही हजारांश भागांत मोजावी लागते. ताऱ्याच्या या स्वतःच्या सरकण्याला निजगती म्हणतात.

निजगती कळली तरी वेग कळत नाही, कारण त्यासाठी तारा किती दूर आहे हे माहीत हवे. जवळून जाणारी सायकल आणि दूरवरून जाणारे विमान डोळ्यांसमोरून सारख्याच गतीने सरकताना दिसू शकतात. अंतर काढण्याची रीत सोपी आहे. हात लांब करून अंगठा उभा धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. हात जवळ आणला की उडी मोठी होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांनी सुमारे ३० कोटी किलोमीटर पलीकडे पोहोचते; या दोन टोकांना दोन डोळे समजा. जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित डुलताना दिसतो. हाच पॅरलॅक्स, मराठीत पराशय. १८३८ मध्ये फ्रीडरिश बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने हंस तारकासमूहातील एका अंधूक ताऱ्याचा पराशय मोजला. तो साधारण एक तृतीयांश विकला होता. ताऱ्याचे अंतर निघाले दहा-अकरा प्रकाशवर्षे; आजचा आकडा ११.४ आहे.

त्यापुढे मात्र हवा आडवी येते. तारे लुकलुकतात ते कवींना आवडत असेल, मोजणाऱ्याला ती थरथर नको असते. म्हणून १९८९च्या ऑगस्टमध्ये युरोपने हिपार्कस हा उपग्रह सोडला. त्याला ठरलेल्या कक्षेत नेणारे इंजिन पेटलेच नाही. मोहीम फसली असे धरून चालणेच सोपे होते. पण शास्त्रज्ञांनी त्या वेड्यावाकड्या लंबवर्तुळाकार कक्षेतूनच काम उरकले आणि १९९७ मध्ये सुमारे १ लाख १८ हजार ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. अचूकता होती विकलेच्या हजाराव्या भागाची. तेवढ्याने सूर्याच्या आसपासचा परिसर नीट मापता आला, पण आकाशगंगेचा पसारा लाखभर प्रकाशवर्षांचा आहे. एवढे मापन म्हणजे गल्लीतली घरे मोजून शहराचा नकाशा काढण्यासारखे होते.

गाया १९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून निघाली आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन स्थिरावली. तिच्यात दोन दुर्बिणी होत्या, एकमेकींशी १०६.५ अंशांचा कोन करून बसवलेल्या. दोघींचा प्रकाश एकाच कॅमेऱ्यावर पडे. या कॅमेऱ्याला जवळपास शंभर कोटी पिक्सेल होते. दोन दुर्बिणी कशासाठी? एकाच कोपऱ्यातले तारे एकमेकांशी ताडले तर ते सगळेच एकत्र डुलत असतील, आणि डुलणे लक्षात येणार नाही. आकाशाच्या दोन दूरच्या भागांतले तारे एकाच वेळी, एकाच चौकटीत ताडले की ती फसगत टळते. फिरता फिरता ती पुन्हा पुन्हा त्याच ताऱ्यांवर येई. पाच वर्षांत प्रत्येक तारा सरासरी ७० वेळा पाहायचा, अशी मूळ योजना होती. बऱ्यापैकी ठळक ताऱ्यांच्या बाबतीत तिची अचूकता विकलेच्या पन्नास हजाराव्या भागाच्या आसपास पोहोचली. मुंबईत उभे राहून दिल्लीतल्या माणसाच्या डोक्यावरचा एक केस किती जाड आहे हे सांगावे, साधारण तशी ही गोष्ट.

एवढी बारीक नजर असली की स्वतःचे दोषही तेवढ्याच बारकाईने शोधावे लागतात. गाया उडाल्यावर काही महिन्यांतच लक्षात आले की नको तो प्रकाश कॅमेऱ्यावर येतो आहे. सूर्यछत्रीच्या कडेला बाहेर आलेल्या धाग्यांवरून ऊन विखुरत होते. पृथ्वीवरून सोबत गेलेल्या बाष्पाचे आरशांवर बर्फ साचत होते, ते घालवायला आरसे तापवावे लागले. सर्वांत त्रासदायक बाब म्हणजे दोन दुर्बिणींमधला तो १०६.५ अंशांचा कोन दर फेरीबरोबर विकलेच्या हजाराव्या भागाइतका मागेपुढे होत होता. मोजायचे होते त्याच्या कितीतरी पट ही चूक. यानावरच्या लेसर उपकरणाने हा बदल सतत नोंदवला म्हणून तो नंतर वजा करता आला.

तरी सगळी चूक गेली नाही. ती किती उरली हे कळायला एक उत्तम कसोटी आहे. क्वेसार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांचे अंतर अब्जावधी प्रकाशवर्षांचे असते. त्यांचा पराशय शून्यच यायला हवा. २०१८च्या दुसऱ्या माहितीसंचात तो सरासरी उणे २९ आला, विकलेच्या दशलक्षांश भागांत. उणे पराशयाला काही अर्थ नसतो. रिकाम्या वजनकाट्याने शून्याच्या खाली आकडा दाखवावा, तसे हे. २०२०च्या सुधारित संचात ही चूक उणे १७वर आली. आकडा क्षुल्लक वाटेल. पण आकाशगंगेच्या केंद्राइतक्या अंतरावरच्या ताऱ्याचा पराशयच मुळी १२०च्या आसपास असतो. तिथे २९ची चूक म्हणजे जवळपास पाव हिस्सा. शास्त्रज्ञांनी ही चूक लपवली नाही. ती मोजली, छापली, आणि वापरणाऱ्याने ती कशी दुरुस्त करावी याचे सूत्रही दिले. औषधाच्या चिठ्ठीवर दुष्परिणाम छापतात तसे. तारे कुठे आहेत या माहितीइतकीच ही कबुली मोलाची आहे.

आता या मापांतून काय हाती आले ते पाहू. सूर्य आपल्या ग्रहांसह आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो. केंद्र साधारण २६,७०० प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे एक प्रदक्षिणा बावीस कोटी वर्षांच्या आसपास. मागच्या वेळी सूर्य इथे होता तेव्हा पृथ्वीवर डायनासोर नुकते अवतरले होते. सूर्य सरळ न जाता वळतो याचा अर्थ त्याला केंद्राकडे सतत ओढ आहे. ही ओढ आजवर आकडेमोडीने काढली जात होती. गायाने ती थेट पाहिली, आणि ज्या रीतीने पाहिली ती समजून घेण्यासारखी आहे.

पावसात उभे असताना सरी सरळ डोक्यावर पडतात. स्कूटरवर बसलो की त्याच सरी समोरून तिरक्या येतात. वेग वाढला की तिरकेपणा वाढतो. प्रकाशाचेही तसेच. सूर्यमालेच्या गतीमुळे दूरच्या प्रत्येक क्वेसारचे स्थान किंचित तिरके दिसते. गती एकसारखी असती तर हा तिरकेपणाही कायम राहिला असता आणि कुणाला कळला नसता. पण सूर्य वळतो आहे, त्याची गती दिशा बदलते आहे, म्हणून तिरकेपणाही दरवर्षी किंचित बदलतो. सगळे क्वेसार धनू राशीकडे, म्हणजे आकाशगंगेच्या केंद्राकडे, अगदी हळूहळू सरकल्यासारखे भासतात. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातील सेर्गेई क्लिओनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १६ लाख क्वेसारांची स्थाने एकत्र तपासून हे सरकणे मोजले: वर्षाला विकलेचे पाच दशलक्षांश. त्यावरून सूर्यमालेचे त्वरण निघते. वर्षभरात तिच्या वेगात सेकंदाला सात मिलिमीटरचा बदल होतो. मुंगीची चालही याहून फार वेगळी नसते. त्या वर्षात सूर्य ७२६ कोटी किलोमीटर पुढे जातो आणि सरळ रेषेपासून केंद्राकडे झुकतो फक्त ११५ किलोमीटर, मुंबईहून लोणावळा गाठून थोडे पुढे जावे इतका.

क्वेसार मुळात हलत नाहीत असे मानले, म्हणून हे शक्य झाले. जी वस्तू कसोटीचा शून्य म्हणून वापरली तीच इथे मोजमापाची दोरी ठरली. एका क्वेसारच्या नोंदीतून काहीच दिसले नसते. एकेका स्थानातली चूक या परिणामाच्या कितीतरी पट मोठी आहे. १६ लाखांच्या सरासरीत चुका एकमेकींना मारतात आणि सर्वांत समान असलेला कल तेवढा उरतो. मोठ्या औषधचाचण्यांमागचे गणितही हेच असते.

दुसरा शोध अपेक्षित नव्हता. २०१८ मध्ये बार्सिलोनाच्या तेरेसा आंतोखा यांनी सूर्याच्या परिसरातील साठ लाख ताऱ्यांचा आलेख मांडला. एका अक्षावर तारा आकाशगंगेच्या पातळीच्या किती वर किंवा खाली आहे, दुसऱ्यावर तो किती वेगाने वर किंवा खाली चालला आहे. तबकडी शांत असती तर एक गुळगुळीत डाग दिसला असता. दिसला गोगलगायीच्या शंखासारखा वळसा. तळ्यात दगड टाकल्यावर तरंग उठावेत तशी ही खूण आहे. कुणीतरी तबकडी हलवली आणि ती अजून निवळलेली नाही. किती काळापूर्वी, तर ३० ते ९० कोटी वर्षांपूर्वी. संशय धनू राशीतल्या एका छोट्या दीर्घिकेवर आहे, जी आपल्या आकाशगंगेच्या तबकडीतून पुन्हा पुन्हा आरपार जाते. संशयच म्हणायचा, कारण एका मोठ्या धक्क्याऐवजी अनेक लहान धक्क्यांनीही असा वळसा पडू शकतो, असे नंतरच्या गणितांनी दाखवले आहे. पण शंभर वर्षे ज्या गृहीतावर आकाशगंगेचे वजन काढले जात होते ते गृहीत, म्हणजे ती संतुलित, निवांत फिरते आहे, ते या आलेखाने पुरते डळमळले.

त्याच वर्षी नेदरलँड्समधील अमिना हेल्मी आणि केंब्रिजचे व्हासिली बेलोकुरोव्ह यांच्या गटांनी स्वतंत्रपणे आणखी जुनी खूण शोधली. सूर्याभोवतालच्या काही ताऱ्यांचा मार्ग बाकीच्यांहून निराळा आहे. ते गोल न फिरता केंद्राकडे लांब झोके घेतात. ते मूळचे इथले नाहीत. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेत विलीन झालेल्या एका दीर्घिकेचे ते वंशज आहेत. गर्दीत कोण कुठल्या गावचा हे चालण्याच्या ढबीवरून ओळखावे, तसेच हे.

खरा वाद पेटला आहे वजनाचा. दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा वेगाने फिरतात, हे १९७०च्या दशकात व्हेरा रुबिन आणि इतरांच्या कामातून ठसले आणि कृष्णद्रव्य या अदृश्य वस्तुमानाची कल्पना रुजली. आपल्या आकाशगंगेचे एकूण वजन सूर्याच्या दहा खर्व पटींच्या, म्हणजे एक लाख कोटी पटींच्या आसपास धरले जाई. २०२३ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेतील गटाने गायाची मापे वापरून असे मांडले की साधारण ६० हजार प्रकाशवर्षांपलीकडे ताऱ्यांचे वेग चक्क उतरतात, आणि एकूण वजन सूर्याच्या २० हजार कोटी पटच भरते. म्हणजे पाचवा हिस्सा. हे खरे असेल तर कृष्णद्रव्याचे पुष्कळसे गणित पुन्हा मांडावे लागेल.

इथे सावध राहायला हवे. त्या अंतरावर गायाचा पराशय थकतो. तिथल्या ताऱ्यांची अंतरे थेट मोजलेली नसतात, ती ताऱ्यांच्या तेजावरून किंवा आकडेशास्त्राच्या आधाराने काढलेली असतात. शिवाय वेगावरून वजन काढताना तबकडी संतुलित आहे असे धरावे लागते, आणि ती तशी नाही हे त्याच गायाने दाखवले आहे. तारकागुच्छांच्या आणि उपदीर्घिकांच्या गतीवरून काढलेले वजन याहून बरेच अधिक येते. वेग खरोखर उतरतात की अंतरातल्या चुका तसे भासवतात? हॅलीच्या रोहिणीचाच हा प्रश्न आहे. या घडीला वजन घटल्याची बातमी पक्की मानण्याइतका पुरावा नाही. ती फेटाळण्याइतकाही नाही.

मोजमाप सुधारले की खात्री वाढतेच असे नाही, याचे एक ताजे उदाहरण देवयानीचे. ती आणि आपली आकाशगंगा चार अब्ज वर्षांनी धडकणार, असे २०१२ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून जवळपास ठामपणे सांगितले गेले होते. जून २०२५ मध्ये हेलसिंकीच्या टिल सावाला यांच्या गटाने गाया आणि हबलची अधिक चांगली मापे घेऊन, प्रत्येक मापातली अनिश्चितता धरून, हे गणित हजारो वेळा चालवले. पुढच्या दहा अब्ज वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निघाली निम्मी. शाळेच्या पुस्तकात शिरलेले भाकीत नाणेफेकीवर आले. आधीच्यांनी फार चूक केली होती असेही नाही. शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढ आता नीट हिशेबात आली, एवढेच.

या सगळ्याचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. एक उदाहरण पुरे. प्लूटोच्या पलीकडील आरोकोथ या छोट्या गोळ्याजवळून १ जानेवारी २०१९ला न्यू होरायझन्स यान गेले. त्याआधी तो गोळा एका ताऱ्यासमोरून जाताना पृथ्वीवर कुठे सावली पडेल, हे अचूक सांगायचे होते. २०१७ मध्ये अर्जेंटिनात त्या सावलीच्या नेमक्या पट्ट्यात दुर्बिणी उभ्या राहिल्या, त्या गायाच्या तारास्थानांच्या भरवशावर. पृथ्वीच्या वाटेत येऊ शकणाऱ्या लघुग्रहांच्या कक्षा नेमक्या करण्यासाठीही हीच स्थाने लागतात.

पण ही यादी शिळी होते. तारे हलत राहतात, आणि प्रत्येकाच्या गतीतली छोटी चूक दरवर्षी त्याच्या स्थानात साठत जाते. अगदी मंद ताऱ्यांच्या वार्षिक गतीत आज सुमारे अर्धा हजारांश विकलेची चूक आहे. वीस वर्षांनी ती स्थानात दहा हजारांश होते. त्यावर इलाज एकच, पुन्हा मोजणे. आकाशगंगेच्या केंद्राकडचा भाग धुळीने झाकलेला असल्यामुळे पुढची दुर्बीण अवरक्त किरणांत पाहणारी हवी. तसा प्रस्ताव युरोपात चर्चेत आहे, पण मंजूर झालेला नाही. झाला तरी ती उडायला २०४०चे दशक उजाडेल, कदाचित त्याहूनही उशीर होईल. जपानची एक छोटी अवरक्त मोहीम त्याआधी अपेक्षित आहे, मात्र ती केंद्राजवळचा मर्यादित भागच पाहील. नव्या ग्रहाचा शोध घेणाऱ्या मोहिमेला पैसा मिळवणे सोपे असते. तीच मोजणी पुन्हा करू द्या म्हणणाऱ्याला लवकर कुणी दारात उभे करत नाही. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयांचा अनुभवही निराळा नसतो.

पुन्हा मोजण्याला किती किंमत येते याचा दाखला आपल्या शेजारी, हैदराबादेत आहे. १८८७ मध्ये पॅरिसला ठरले की जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घ्यावे आणि काचेच्या प्लेटांवर त्याची छायाचित्रे काढून ताऱ्यांची यादी करावी. चिलीतील सांतियागोला दिलेला दक्षिण आकाशाचा पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने उचलला. नवाब जफर जंग यांनी उभी केलेली ही वेधशाळा १९०८ मध्ये निजाम सरकारकडे आली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. लाखो ताऱ्यांची जागा सूक्ष्मदर्शकातून एकेक करून मोजण्याचे हे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. पुढे फोटोप्लेटांचा तो सारा जागतिक खटाटोप वाया गेला, असेच कित्येकांचे मत होते. हिपार्कसनंतर ते बदलले. २०००मध्ये आलेल्या टायको-२ यादीत २५ लाख ताऱ्यांच्या निजगती काढताना उपग्रहाने मोजलेली स्थाने या जुन्या काचांवरील स्थानांशी ताडली गेली. जवळपास शतकभराचे अंतर मिळाल्यामुळे अगदी संथ हालचालही पकडता आली. कुणी केलेली मोजणी कधी कामी येईल, ते मोजणाऱ्याला ठाऊक नव्हते.

गायालाही अशा जुन्या नोंदींची गरज पडली. २०१६च्या पहिल्या संचात तिच्याकडे फक्त १४ महिन्यांची निरीक्षणे होती. एवढ्या काळात ताऱ्याचे वार्षिक डुलणे कोणते आणि त्याचे स्वतःचे सरकणे कोणते, हे वेगळे करता येत नाही. म्हणून २० लाख ताऱ्यांसाठी १९९१च्या आसपासची हिपार्कस आणि टायको यांची स्थाने जोडून घेतली गेली. पुढचे संच स्वतःच्या पायावर उभे राहिले: दुसरा २२ महिन्यांचा, २०२२चा तिसरा ३४ महिन्यांचा.

चौथा संच डिसेंबर २०२६ मध्ये येणार असे जाहीर झाले आहे; त्यात साडेपाच वर्षांची निरीक्षणे असतील. साडेदहा वर्षांचा संपूर्ण हिशेब २०३०च्या अखेरीआधी येणार नाही. चौथ्या संचाची चुणूक एप्रिल २०२४ मध्ये मिळाली. गरुड तारकासमूहात, सुमारे दोन हजार प्रकाशवर्षांवर, एक तारा दिसत नसलेल्या जोडीदाराभोवती फिरताना आढळला. जोडीदाराचे वजन सूर्याच्या ३३ पट, म्हणजे ते कृष्णविवर. या संचात प्रथमच प्रत्येक ताऱ्याची एकेक नोंद, तारीखवार, सर्वांना खुली होईल. गायाची माहिती आजवर कुणासाठी राखून ठेवलेली नाही. ती प्रसिद्ध होते त्याच क्षणी केंब्रिजच्या प्राध्यापकाला आणि नांदेडच्या विद्यार्थ्याला सारखीच मिळते. आकाशगंगेच्या कडेचे वेग खरेच उतरतात का, हे ताडून पाहणाऱ्यांनी पहिल्यांदा तिथल्या ताऱ्यांच्या अंतरांपुढे छापलेला चुकीचा रकाना बघावा. वेगाचा रकाना त्यानंतर.